जुन्या जीपला कोणते एंजिन?

वसंतातल्या व्याख्यानांत आपण संतांविषयी ऐकतो, नाटकांविषयी ऐकतो, सरकारच्या अंदाजपत्रकाविषयी तर दर वर्षी ऐकतो. मोटारीच्या एंजिनावर बोलायला कोणी उभा राहिला, की पुढच्या रांगेतली मंडळी हळूच घड्याळाकडे पाहू लागतात. तरी हा विषय मी हट्टाने घेतला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे घर विरळा, की ज्यातला एखादा तरी माणूस लेथवर, प्रेसवर किंवा फिटिंगच्या बाकावर कधी उभा राहिला नाही. अंबरनाथचे शिवमंदिर किती शतकांपूर्वीचे, हे आपल्या मुलांना पाठ असते. पण बराकीमागे ताडपत्रीखाली जी जीप सडते आहे तिचे वय काय, तिच्यात कोणते एंजिन होते आणि आता कोणते बसवावे, हे सांगायला कोणी भेटत नाही. देवळाइतकी ती जुनी नाही, हे मान्य. पण तीही माणसांच्या हातांनीच घडली आहे.

जीप या भागाला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात उल्हास नदीच्या काठी लष्कराने कल्याण कॅम्प उभारला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना उतरवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, पण पत्त्यावरचा ‘कॅम्प नंबर चार’ आजही गेलेला नाही. त्या लढाईतली सर्वांत ओळखीची गाडी म्हणजे जीप. लढाई संपल्यावर लष्करांनी जास्तीच्या गाड्या लिलावात काढल्या, आणि ज्यांच्याजवळ चार पैसे व भरपूर धाडस होते अशांनी त्या उचलल्या. पुढे त्यांत बसून वऱ्हाडे गेली, भाजी गेली, निवडणुकीचे कर्णे गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याच्या वडिलांची जीप एके काळी बदलापूरहून आडगावांकडे प्रवासी नेत असे. वडील गेले, एंजिन विकले गेले आणि चॅसिस व बॉडी तेवढी राहिली. गाडी पुन्हा उभी करायची म्हणून तो पाच जणांना विचारून आला, आणि पाच जणांनी पाच एंजिने सांगितली. एकाने बोलेरोचे सुचवले, एकाने जपानी डिझेल, एकाने ‘मूळचेच घाल’ असे सांगितले. मूळचे म्हणजे कोणते, असे विचारल्यावर मात्र तोही गप्प झाला. या गप्प होण्यातच आपला आजचा विषय आहे.

असाच वाद अमेरिकेत फार जुना आहे. तिथे ‘हॉट रॉड’ नावाचा एक प्रकार आहे. जुनी, स्वस्तात मिळालेली फोर्ड घ्यायची, वरचा जादा पत्रा काढून ती हलकी करायची, एंजिन सुधारायचे आणि कॅलिफोर्नियातल्या आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवायची. लढाईवरून परत आलेल्या तरुण कामगारांत हे वेड विशेष पसरले. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक निघाले. फोर्डने १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही आकाराचे एंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आणले होते, तेच या गाड्यांचे हृदय. पुढे १९५५ मध्ये शेव्हरोलेचे नवे आठ सिलिंडरी एंजिन आले. ते अधिक जोरदार आणि दुरुस्तीला सोपे, म्हणून जो तो तेच बसवू लागला. आज तिथे परंपरेने गाडी बांधणारे लोक विचारतात, की ही गाडी १९४८ ची म्हणून तू बांधतो आहेस, मग हिच्यात १९५५ चे एंजिन कसे? त्यांचा नियम साधा आहे. गाडी ज्या साली उभी राहिली असे तुम्ही म्हणता, त्या सालच्या मेकॅनिकच्या हाताशी जे एंजिन असू शकले असते तेच बसवायचे.

आपल्याकडे फोर्डची ती परंपरा नाही, आणि लोकांनी ती उसनी आणावी असे मला वाटतही नाही. पण नियम मात्र उचलण्याजोगा आहे. आपली गाडी जीप. तेव्हा जीपच्या एंजिनांचा वंश आधी समजून घेऊ.

पहिले एंजिन विलीज कंपनीचे. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात ही कंपनी होती. एंजिनाचे नाव एल-१३४. यातला १३४ हा आकडा म्हणजे घन इंचांतले आकारमान. ते कसे येते हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, पिस्टनची चाल ४.३७५ इंच, सिलिंडर चार. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले चाल, गुणिले चार, म्हणजे १३४ आणि वर थोडे. आपल्या मापात सुमारे २,२०० सी.सी. आधी हे एंजिन ४८ अश्वशक्तीचे होते. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअराने त्याची एकेक दुबळी जागा शोधून ते ६० अश्वशक्तीपर्यंत नेले. गाडीचे वजन सुमारे ११०० किलो, तेव्हा ६० अश्वशक्ती पुरून उरत.

आजच्या तरुणाला ६० हा आकडा ऐकून हसू येते. त्याने एक गोष्ट पाहावी. पिस्टनची चाल लांब आहे, १११ मिलिमीटर. लांब चालीचे एंजिन हळू फिरते, पण हळू फिरतानाच जोर लावते. याचा सगळ्यात जास्त पिळ मिनिटाला २,००० फेऱ्यांवर मिळतो. चिखलातून, नांगरलेल्या शेतातून, घाटातल्या वळणावरून गाडी काढायची असते तेव्हा हाच जोर लागतो. शर्यतीच्या घोड्याला रहाटाला जुंपून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

हे एंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ जातीचे आहे. म्हणजे आत येणाऱ्या वायूचा आणि बाहेर जाणाऱ्या धुराचा, असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, तोंड वर करून बसवलेले. वरचे हेड म्हणजे निव्वळ झाकण: त्यात पाण्याच्या वाटा आणि प्लगची भोके. फायदा असा, की रचना बुटकी, भाग थोडे आणि हेड उतरवायला एक माणूस व एक पाना पुरे. रणांगणावर हीच गोष्ट मोलाची होती. तोटाही त्याच रचनेतून येतो. व्हॉल्व्ह बाजूला असल्यामुळे जळणाची जागा पसरट होते, म्हणून दाब फार वाढवता येत नाही. तो साडेसहास एकच्या जरा खाली आहे. शिवाय तापलेला धूर ब्लॉकमधून वाट काढत बाहेर पडतो, त्यामुळे पाणी तापते. आपल्या वैशाखात जुनी जीप चढणीवर वाफा सोडते, तेव्हा दोष नेहमी रेडिएटरचाच असतो असे नाही. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत गंज आणि गाळ बसलेला असतो. ब्लॉक उघडून तो खरवडून काढल्याशिवाय नवा रेडिएटर घेणे म्हणजे पैसे वाफेबरोबर सोडणे होय.

इथे एक आडवळण घेतो. या एंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर, डायनामो आणि स्टार्टर ‘ऑटो-लाइट’ कंपनीचे असत. टोलेडोतल्या याच ऑटो-लाइट कारखान्यात १९३४ मध्ये संप झाला. बेकारांनी संप मोडायला न जाता संपकऱ्यांच्या बाजूने फाटकावर गर्दी केली. मे महिन्यात नॅशनल गार्डने गोळीबार केला आणि दोन माणसे मेली. शेवटी मालकांना संघटना मान्य करावी लागली. त्याच १९३४ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला होता. दोन शहरांना एकमेकांची खबर फारशी नसेल. पण जुन्या जीपच्या डिस्ट्रिब्यूटरवरची ती लहानशी पाटी मी पाहतो, तेव्हा मला ती केवळ कंपनीची वाटत नाही.

दुसरे एंजिन एफ-१३४, ज्याला विलीजवाल्यांनी ‘हरिकेन’ म्हणजे वादळ असे नाव दिले. खालचा ब्लॉक जवळजवळ तोच. पण आत येणाऱ्या वायूचा व्हॉल्व्ह उचलून वर हेडमध्ये नेला आणि धुराचा खालीच ठेवला. श्वास मोकळा झाल्याबरोबर तेवढ्याच आकाराचे एंजिन सुमारे ७५ अश्वशक्ती देऊ लागले. मात्र एंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या जीपचे बॉनेट उंच करावे लागले. आपण लहानपणापासून जिला ‘महिंद्राची जीप’ म्हणून ओळखतो, ती ही उंच कपाळाची जीप. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कांदिवलीत त्या बनू लागल्या. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली थांबली. आपल्याकडे उंच बॉनेट त्यानंतरही पुष्कळ वर्षे धावत राहिले.

तिसरे एंजिन डिझेलचे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल परवडेनासे झाले आणि जीपवाल्यांनी डिझेलकडे मोर्चा वळवला. कांदिवलीतच इंटरनॅशनल ट्रॅक्टर बनत. त्यांचे साडेतेवीसशे सी.सी.च्या आसपासचे डिझेल एंजिन जीपमध्ये आले. जड, थरथरणारे, आवाजाने शेजारी जागे करणारे, पण डिझेलच्या थेंबाला जागणारे. जुन्या पेट्रोल जीपांतही गॅरेजवाल्यांनी अशी डिझेले बसवली. चौथे एंजिन फ्रान्सच्या प्यूजोचे, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, व्यास ९० मिलिमीटर, एकंदर २,११२ सी.सी. महिंद्रांनी ते परवान्यावर इगतपुरीत बनवले, आणि १९८५ च्या एमएम-५४० जीपमध्ये तेच होते. यानंतरच्या एंजिनांत मी शिरत नाही. ती चांगली आहेत, पण आपल्या प्रश्नात त्यांना जागा नाही.

आता निवड. बहुतेक लोक एंजिनापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. सुरुवात चॅसिसपासून करावी. चॅसिसवरचा नंबर, आर.सी. बुकातले साल व इंधन, आणि बॉनेटची उंची, या तीन गोष्टी एकमेकींशी पटतात का ते पाहावे. बुटके बॉनेट आणि लढाईच्या वर्षांतला नंबर असेल, तर एल-१३४ खेरीज दुसरा विचार नको. उंच बॉनेट आणि पेट्रोलची नोंद असेल, तर हरिकेन. कोणी हौसेने उंच बॉनेटात साइड व्हॉल्व्ह बसवतात. ते बसते, पण वर रिकामी पोकळी राहते आणि जाणत्याला ती लगेच दिसते.

वाद आहे तो डिझेल बसवलेल्या जुन्या पेट्रोल जीपविषयी. शुद्धतावादी म्हणतात, डिझेल काढून फेका. माझे मत निराळे आहे. १९७५ च्या सुमारास एखाद्या मिस्त्रीने माउंटिंग नव्याने जुळवून, वजन पेलायला पाटे वाढवून ते डिझेल बसवले असेल, आणि पुढची वीस वर्षे त्या गाडीने एक घर पोसले असेल, तर तेही त्या गाडीच्या चरित्राचेच प्रकरण आहे. आर.सी. बुकात इंधनाचा बदल रीतसर चढलेला असेल, तर ते एंजिन राहू द्यावे असे मी म्हणेन. चढलेला नसेल, तर गोष्ट वेगळी, कारण तिथे कायदा येतो.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये. इंधनबदलासाठी नियमांच्या चौकटीत वाट आहे, मनमानीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. दुसरी बाजू २०२१ ची. त्या वर्षी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यांना नंबरात ‘व्हीए’ ही खूण मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चॅसिस, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यापुरतीच. म्हणजे आपल्या त्या मुलाने बोलेरोचे एंजिन घातले असते, तर एका बाजूने साधी नोंदणी अडचणीत आणि दुसऱ्या बाजूने व्हिंटेजचे दारही बंद. वडिलांची गाडी अंगणात ठेवायची शोभेची वस्तू झाली असती. हरिकेन घेतले तर दोन्ही दारे निदान ठोठावता तरी येतात. त्याच्या आर.सी. बुकात पेट्रोलच होते आणि बॉनेट उंच, म्हणून मी त्याला हरिकेनच शोधायला सांगितले.

शोधायचे कुठे? भंगाराच्या बाजारात, बंद पडलेल्या गॅरेजात, कधी शेतावरच्या पाण्याच्या पंपालाही जोडलेले सापडते. ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, पाण्याच्या पंपामागच्या उंचवट्यावर नंबर ठोकलेला असतो. तो तिरपा, ताज्या चमकीचा किंवा आसपास घासलेला दिसला, तर पैसे खिशातच ठेवा. उल्हासनगरच्या मालावरचा ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सगळेच करतो, आणि तिथले लोक आपल्यापेक्षा मोठ्याने हसून करतात. नव्या पाट्या कुठेही सुबक बनतात. पाटीवर विश्वास ठेवू नका, ओतकामाकडे पाहा. विकणाऱ्याकडून एंजिन नंबर लिहिलेली सहीची पावती घ्या. पावती देत नसेल तर ते एंजिन त्याचे नाही असे समजा. आणि बसवण्यापूर्वी कल्याणच्या आर.टी.ओ. कार्यालयात अर्ज करा. बसवून झाल्यावर गेलात, तर फेऱ्या दुप्पट.

एंजिन हाती आले की पहिली परीक्षा ब्लॉकची. दोन सिलिंडरांमधली भिंत आणि धुराच्या व्हॉल्व्हची बैठक, या ठिकाणी तडे जातात. तडा सापडला तर रंगरंगोटीत पैसे घालू नका. ब्लॉक शाबूत असेल तर सिलिंडर घासले किती आहेत ते वर, मध्ये, खाली असे तीन ठिकाणी मोजावे. बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. माप संपले असेल तर स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर आणता येते. क्रँकही घासून खालच्या मापाच्या बेअरिंगवर चालतो. ही सगळी कामे करणारे हात आपल्या पट्ट्यात आहेत. पण त्यांचे वय पाहा. शेकडा यंत्रे संगणकावर चालू लागली आणि डाव्या हाताच्या स्पर्शाने माप ओळखणारा माणूस कंत्राटावर गेला. जुन्या ब्लॉकचे बोअरिंग मागायला जाल, तेव्हा ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असे म्हणू नका. दिवसभर चार सिलिंडरांना एका रेषेत आणणे हे एवढेसे काम नव्हे. शक्य असेल तर आय.टी.आय.चा एखादा पोरगा शेजारी उभा करा, आणि त्यालाही दिवसाची मजुरी द्या. ‘शिकायला मिळते’ या सबबीवर फुकट राबवू नका.

इंधनाचे दोन शब्द. २०२५ पासून देशभर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे. १९५० च्या दशकातले रबर त्याला टिकत नाही: पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्बुरेटरची पॅकिंगे फुगतात किंवा चिरतात. ती नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घ्यावी. यात परंपरा भंगते असे कोणी म्हटले, तर त्याला गाडीला आग लागल्यावर परंपरेचे काय होते ते विचारा. महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलाची मात्र गरज नाही. एवढ्या कमी दाबाच्या एंजिनाला आजचे साधे पेट्रोलही गरजेपेक्षा चांगलेच आहे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून प्लगचा रंग पाहून जेट किंचित मोठा करावा लागेल.

शेवटी वेगाविषयी. अमेरिकन सीजे-३बीच्या मागच्या दांड्यात गिअरचे प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक एकदा फिरते तेव्हा एंजिन ५.३८ वेळा. जुन्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे सहाशे वेळा फिरते आणि एंजिन बत्तीसशे. चाल १११ मिलिमीटर असल्यामुळे प्रत्येक पिस्टन तेव्हा मिनिटाला सातशे मीटरांहून जास्त खालीवर धावतो. ताशी ६० ला हेच एंजिन चोवीसशेवर असते, जोराच्या जागेजवळ, आणि पाणीही थंड राहते. नव्याने बांधलेल्या एंजिनाला पहिले पाचशे किलोमीटर त्याहूनही खाली ठेवावे, एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, आणि मग ऑइल गरम असतानाच काढून ते पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावे. फडक्यावर पितळी चमक दिसली तर एंजिन पुन्हा उतरवायचे; नुसता काळा डाग असला तर नवे ऑइल भरून बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाकडे, एक फेरी मारून यायला हरकत नाही.